वेळापत्रकाचा शब्द आणि मुंबईच्या आगगाड्या

मुंबईच्या उपनगरी आगगाडीचें वेळापत्रक ज्यानें हातांत घेऊन वाचलें असेल त्यास एका गोष्टीचें कौतुक वाटल्याखेरीज राहणार नाहीं. जगांतील कित्येक शहरांत 'दर पांच मिनिटांस एक गाडी' एवढें सांगून कारभारी मोकळे होतात. आमच्या रेल्वेचें तसें नाहीं. तिची गाडी आठ वाजून त्रेचाळीस मिनिटांनीं सुटावयाची असते. चाळीसास नव्हे आणि पंचेचाळीसासही नव्हे. ह्या मिनिटावर लोकांची श्रद्धा एवढी कीं, माणसाची ओळखही त्यावरूनच होते. कोणी 'आठ त्रेचाळीस'वाला, कोणी 'नऊ अकरा'वाला. डोंबिवलीस किंवा विरारास एका आळींत वीस वर्षें राहून ज्यांचें बोलणें झालें नाहीं, अशीं माणसें एका डब्याच्या संबंधानें एकमेकांच्या घरच्या लग्नकार्यास जातात. पण इतक्या काटेकोर वेळापत्रकाच्या ह्या शहरांत एका साध्या प्रश्नाचें उत्तर कोणीच देत नाहीं. आठ त्रेचाळीसची गाडी नऊ पांचास आली, अथवा मुळींच आली नाहीं, तर त्याबद्दल बांधील कोण?

हा प्रश्न आम्ही केवळ त्राग्यानें विचारीत नाहीं. त्याची पाळेंमुळें ह्या देशांत रेल्वे आली त्या दिवसापर्यंत जाऊन पोहोंचतात. १८५३ सालच्या एप्रिल महिन्याच्या १६ तारखेस बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली. चौदा डबे, सुमारें चारशें निमंत्रित, आणि त्यांत आमचे नाना शंकरशेट. त्या दिवसाचें वर्णन शाळेच्या पुस्तकांत मुलें वाचतात. त्या पुस्तकांत एक गोष्ट मात्र बहुधा नसते. ज्या विलायती कंपन्यांनीं हे रूळ घातले त्यांच्या भांडवलावर शेंकडा पांच टक्के व्याजाची हमी सरकारनें दिली होती. गाडी चालो, न चालो, खर्च वाजवी होवो, उधळपट्टीचा होवो. मिळकत पांच टक्क्यांखालीं आली तर तूट हिंदुस्थानच्या खजिन्यांतून भरून द्यावयाची असा करार होता. ह्या हमीनें रयतेच्या पैशाचा कसा चुराडा झाला हें गणेश व्यंकटेश जोशी, रमेशचंद्र दत्त प्रभृति अर्थशास्त्रज्ञांनीं आंकड्यांनिशीं दाखवून दिलें. पुढें कंपन्या गेल्या. रेल्वे सरकारची झाली. १९५१ सालच्या नोव्हेंबरांत मध्य व पश्चिम अशा दोन रेल्वे अस्तित्वांत आल्या आणि मालकी आपली झाली. भांडवलवाल्याची हमी संपली हें ठीकच झालें. पण उतारूस जी हमी कंपनीच्या राज्यांत नव्हती, ती स्वराज्यांतही आलेली नाहीं. पास काढणारा मनुष्य महिन्याचे, तीन महिन्यांचे, क्वचित् वर्षाचे पैसे आगाऊ मोजतो. त्याच्या बदल्यांत त्यास मिळते ती प्रवासाची परवानगी. वेळेवर पोहोंचविण्याचा शब्द त्यांत कोठेंच नसतो.

व्यवहार कोणत्या मापाचा आहे तेंही पाहावें. दोन्ही रेल्वे मिळून दिवसाकाठीं तीन हजारांहून अधिक फेऱ्या करतात आणि सत्तर लाखांच्या वर प्रवासी वाहून नेतात. युरोपांतील कांहीं देशांची सगळी लोकसंख्या एवढी नाहीं. २०२० सालच्या मार्चांत महामारीमुळें ह्या गाड्या बंद झाल्या आणि सामान्य उतारूस पुन्हां मोकळेपणें चढूं देण्यास २०२१ सालचा ऑगस्ट उजाडला, तोही लशीचे दोन डोस घेतल्याचा दाखला पाहूनच. त्या दीड वर्षांत मशीद बंदरच्या गाळ्यांत हमाल कां नव्हते, दादरच्या फुलबाजारांत माल कां उतरत नव्हता, डबेवाल्यांच्या पेढ्या कां ओस पडल्या, हें आमच्या व्यापारी वाचकांस आम्हीं सांगावयास नको. लोकल गाडी ही मुंबईची सोय नव्हे. मुंबई ज्या खांबांवर उभी आहे त्यांतील ती एक खांब आहे.

आतां गाड्या उशिरा कां धांवतात ह्याचा विचार करूं. सर्वसामान्य समजूत अशी कीं, कोठें तरी कांहीं मोडलें म्हणून गाडी खोळंबली. मोडतोड होते ही गोष्ट खरी; पण मोडतोड कोणत्या देशांत होत नाहीं? खरा रोग मोडतोडीच्या पलीकडचा आहे. गर्दीच्या वेळीं एका मार्गावर तीन-चार मिनिटांस एक गाडी धांवते. अशा वेळीं सांधा नीट बसला नाहीं, सिग्नलाचा दिवा लागला नाहीं, किंवा डब्यावरील पेंटोग्राफ तारेंत अडकला, आणि एक गाडी वीस मिनिटें उभी राहिली, तर तिच्या मागें पांच-सहा गाड्यांची रांग लागते. वीस मिनिटांनीं पहिली गाडी सुटली म्हणजे प्रकरण मिटलें असें कोणास वाटेल. वास्तविक तेथून तें सुरू होतें. कारण तेवढ्या वेळांत पुढील प्रत्येक फलाटावर पांच-सहा गाड्यांचें माणूस सांचलेलें असतें. वीस सेकंदांत गाडी सोडावयाची तेथें चढउतारीस मिनिट लागतें. प्रत्येक स्थानकावर असें मिनिट-मिनिट वाढत जाऊन उशिरा आलेली गाडी अधिकच उशिराची होते. ती मुंबईस पोहोंचते तोंवर तिची परतीची वेळ टळलेली असते, म्हणून परतीची फेरी रद्द करावी लागते. रद्द फेरीचें माणूस पुढच्या गाडीवर पडतें. मोटरमन आणि गार्ड एका फेरीवरून दुसऱ्या फेरीवर जावयाचे असतात, ते भलत्याच ठिकाणीं अडकतात. सकाळीं आठ वाजतां कळव्याजवळ झालेला वीस मिनिटांचा खोळंबा अशा रीतीनें सायंकाळीं सहा वाजतां बोरीबंदरास गाडीची वाट पाहणाऱ्या कारकुनाच्या पदरांत पडतो आणि त्याचें कारण त्यास कोणी सांगत नाहीं. त्यास ऐकूं येते ती 'तांत्रिक बिघाड' ही ध्वनिक्षेपकावरची दोन शब्दांची आरती.

ह्याचा अर्थ उघड आहे. जेथें मिनिटाचीही सवड ठेवलेली नाहीं तेथें लहान दोष मोठा होतो. वेळापत्रकांत फेऱ्या वाढवीत नेणें हा गेल्या कित्येक वर्षांचा शिरस्ता आहे. कारण फेऱ्यांचा आंकडा सभेंत सांगतां येतो आणि त्याचा हिरवा झेंडाही दाखवितां येतो. राखीव गाडी, राखीव मोटरमन व वेळापत्रकांतील रिकामीं चार मिनिटें ह्यांचें उद्घाटन होत नाहीं; त्यामुळें तीं कोणी मागत नाहीं व कोणी देत नाहीं. २०२४ सालच्या फेब्रुवारींत मध्य रेल्वेच्या एका मोटरमनच्या अंत्यविधीस त्याचे सहकारी गेले आणि जादा पाळी करावयास माणसें उरलीं नाहींत, म्हणून त्या दिवशीं पुष्कळ गाड्या रद्द कराव्या लागल्या. सहकाऱ्यास खांदा देण्यास गेलेल्यांस दोष देणें माणुसकीस धरून होणार नाहीं. पण ज्या कारभारांत कांहीं माणसें एका दुपारीं स्मशानांत गेलीं म्हणून महानगराची वाट अडते, त्या कारभारानें नोकरभरतीचा हिशेब काय ठेवला होता हें विचारण्याचा हक्क कर भरणाऱ्यास खचित आहे.

दुसरें मोठें कारण म्हणजे एकाच रुळावरून निरनिराळ्या जातींच्या गाड्या हांकणें. लांब पल्ल्याची गाडी नागपुराहून वा लखनौहून दोन तास उशिरा आली तर ती नेमकी सकाळच्या गर्दींत शिरते आणि तिला वाट द्यावयाची म्हणून लोकल थांबते. कल्याणापुढें कसाऱ्याकडे व कर्जताकडे येणीं-जाणीं दोनच रुळांवर चालत आलेलीं. त्यांवरच मालगाड्या, त्यांवरच मेल, आणि त्यांवरच बदलापूर-टिटवाळ्याचा हजारों लोकांचा लोंढा. ह्यावर उपाय ठाऊक नाहीं असें नाहीं. लांबच्या गाड्यांस निराळे रूळ द्यावे हा तो उपाय. त्याप्रमाणें ठाणें ते दिवा पांचवा व सहावा मार्ग घालण्यास २००८ सालीं मंजुरी मिळाली. हा मार्ग सुरू झाला २०२२ सालच्या फेब्रुवारींत. अंतर दहा किलोमीटरांहूनही कमी! बोरीबंदर ते ठाणें हा ३४ किलोमीटरांचा पहिला मार्ग बांधण्यास १८५० सालच्या ऑक्टोबरअखेर शीवजवळ आरंभ झाला होता आणि अडीच वर्षांच्या आंत त्यावरून गाडी धांवली. त्या वेळीं जमीन मोकळी होती, आज रुळाच्या कडेस घरें आहेत, खाडी आहे, डोंगर आहे आणि गाड्या चालूं ठेवून काम करावयाचें आहे, हें सर्व आम्हांस मान्य आहे. ह्या अडचणींची सूट कोणीं किती द्यावयाची ती द्यावी. पण अडीच वर्षांत चौतीस आणि चौदा वर्षांत दहा हें त्रैराशिक कोणत्याही सुटीनें सुटत नाहीं.

मध्यंतरीं लोकांनीं काय भोगलें त्याचा एक मासला दिव्याचा घ्यावा. दिव्याच्या फाटकावरून रस्त्याची रहदारी सोडावयाची तर गाड्या थांबवाव्या लागतात आणि गाड्या सोडावयाच्या तर रहदारी तुंबते. उड्डाणपूल हवा हें सर्वांस कळतें. पण रुळांवरचा भाग रेल्वेनें बांधावयाचा, दोन्ही बाजूंचे उतार महापालिकेनें, जागा सरकारनें मिळवावयाची, आणि जागेवर राहणाऱ्यांस दुसरें घर आणखी कोणीं द्यावयाचें, अशा चौघांच्या खांद्यावर ती पालखी वर्षानुवर्षें डुलत राहिली. २०१५ सालच्या जानेवारीच्या २ तारखेस पेंटोग्राफ तुटून गाड्या खोळंबल्या, तेव्हां दिव्याच्या उतारूंचा धीर सुटला. लोक रुळांवर उतरले, दगडफेक झाली, जाळपोळ झाली. दंगा हा न्यायाचा मार्ग नव्हे आणि आम्ही त्याचें समर्थन करणार नाहीं. मोटरमनवर दगड फेंकणारा आपल्याच सारख्या पगारी माणसाचें डोकें फोडतो, आणि ज्याच्या हातीं खरी सत्ता त्याच्या केसासही धक्का लागत नाहीं. परंतु रोज तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणारा मनुष्य एके दिवशीं ओरडतो तेव्हां केवळ त्याच्या ओरडण्याचीच चौकशी करणें हा कारभाऱ्यांचा न्यायही आम्हांस मान्य नाहीं.

पावसाळ्याबद्दल फार लिहीत नाहीं, कारण तो अध्याय वाचकांस पाठ आहे. २००५ सालच्या जुलैच्या २६ तारखेस सांताक्रुझास एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तसल्या प्रलयापुढें कोणाचा इलाज नाहीं. पण शीव, कुर्ला, मशीद, नालासोपारा हीं सखल ठिकाणें साध्या जोराच्या पावसांतही बुडतात, आणि मग रुळांखालील मोऱ्या साफ करण्याचें काम रेल्वेचें कीं बाहेरचे नाले उपसण्याचें काम महापालिकेचें, ह्यावर दोहोंत पत्रव्यवहार होतो. पाणी कोणत्या हद्दींतून कोणत्या हद्दींत शिरलें हें पाहण्यास उतारू तेथें उभा राहत नाहीं. तो रुळांवर उतरून गुडघाभर पाण्यांतून चालूं लागतो.

वेळ गमावणें एवढ्यावरच हें थांबतें तर आम्हीं एवढा लांब लेख लिहिला नसता. उशिराच्या गाडीस गर्दी होते आणि गर्दी माणसें मारते. सन २०२३ ह्या एका वर्षांत मुंबईच्या उपनगरी मार्गांवर रूळ ओलांडतांना, गाडींतून पडून व इतर प्रकारें मेलेल्यांची संख्या अडीच हजारांच्या घरांत होती. म्हणजे दिवसास सरासरी सात. २०२४ सालच्या जूनमध्यें हा विषय मुंबई उच्च न्यायालयापुढें निघाला तेव्हां न्यायमूर्तींनीं, माणसांस जनावरांप्रमाणें वाहून नेलें जातें ह्याची लाज वाटते, अशा अर्थाचे उद्गार काढले. त्यास एक वर्षही उलटतें न उलटतें तोंच, २०२५ सालच्या जूनच्या ९ तारखेस, मुंब्र्याजवळील वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन भरलेल्या गाड्यांच्या दारांतलीं माणसें खालीं पडलीं. चौघे त्याच दिवशीं मेले. साध्या गाड्यांसही आपोआप मिटणारीं दारें बसवूं असें मग रेल्वेकडून जाहीर झालें. पुढें ह्या प्रकरणांत दोघा अभियंत्यांवर पोलिसांनीं गुन्हा नोंदविला. त्याच्या निषेधार्थ नोव्हेंबरच्या ६ तारखेस ऐन सायंकाळीं कर्मचाऱ्यांनीं गाड्या रोखून धरल्या. खोळंबलेले उतारू रुळांवरून पायीं चालूं लागले आणि सँडहर्स्ट रोडजवळ गाडीखालीं सांपडून त्यांतील दोघांचा जीव गेला. अभियंते दोषी कीं निर्दोष तें न्यायालय पाहील. त्यावर आम्ही अभिप्राय देत नाहीं. पण जबाबदारी ठरविण्याची वेळ येतांच ती रुळावर उभ्या असलेल्या माणसापर्यंत सरकत खालीं येते, आणि वरच्या मजल्यावर जेथें मार्ग मंजूर होतात, लांबणीवर पडतात व विसरले जातात तेथवर कधींच चढत नाहीं, एवढें नमूद करण्यास न्यायालयाची परवानगी लागत नाहीं.

कायदा ह्याबाबत काय म्हणतो तें थोडें पाहणें जरूर आहे. १९८९ सालच्या रेल्वे कायद्याच्या कलम १२४-अ प्रमाणें रीतसर उतारू गाडींतून अपघातानें पडला तर रेल्वेची चूक असो वा नसो, भरपाई द्यावीच लागते. आत्महत्या, नशा, स्वतःचा गुन्हा असे थोडेच अपवाद त्यास आहेत. चालत्या गाडींत चढतांना पडलेल्या बाईच्या बाबतींतही २००८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हेंच कलम उदार अर्थानें लाविलें. २०१७ सालच्या आरंभापासून मृत्यूची भरपाई चार लाखांवरून आठ लाख रुपये झाली. म्हणजे मेलेल्या उतारूची किंमत कायद्यानें ठरविलेली आहे. जिवंत उतारूच्या वेळेची किंमत मात्र शून्य. गाडीस उशीर झाल्यास रेल्वे जबाबदार नाहीं असा नियम रेल्वेच्या दरपुस्तकांत फार पूर्वींपासून आहे. ह्याच नियमाचा आधार घेऊन रेल्वे एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली. अजमेर-जम्मू गाडी चार तास उशिरा पोहोंचली, विमान चुकलें, आणि उतारूनें ग्राहक मंचाकडे दाद मागितली होती. २०२१ सालच्या सप्टेंबरांत न्यायालयानें निकाल दिला कीं, उशीर आपल्या हाताबाहेरच्या कारणानें झाला हें रेल्वेनें पुराव्यानें दाखविलें पाहिजे. तें दाखविलें नाहीं तर भरपाई द्यावी लागेल. हा निकाल लांबच्या गाडीचा आहे. पण त्याचें तत्त्व मैलांच्या संख्येवर अवलंबून नाहीं. अडचण एवढीच कीं, विमान चुकलेला गृहस्थ तीस हजारांसाठीं दावा लावूं शकतो. बाविसाव्या मिनिटास 'लेट मार्क' लागून अर्ध्या दिवसाचा पगार गमावणारी परळची परिचारिका अथवा भुलेश्वरचा गुमास्ता वकील करण्यास जाणार नाहीं. ज्याचें नुकसान थोडें पण रोजचें, त्यास दाव्याचा मार्ग मोकळा असून नसल्यासारखाच आहे. त्याच्यासाठीं दाव्यावांचून आपोआप मिळणारी भरपाई हवी.

ही कल्पना कोणास विलायती चैन वाटेल, म्हणून दोन दाखले देतों. लंडनच्या भुयारी गाडीस तिच्या स्वतःच्या दोषानें पंधरा मिनिटांहून अधिक उशीर झाला तर भाडें परत मागतां येतें. जपानांत पांच-दहा मिनिटांच्या उशिराबद्दलही रेल्वे कंपनी उतारूस दाखला देते आणि तो मालकापुढें ठेवला म्हणजे उशिराचा ठपका त्या बिचाऱ्यावर येत नाहीं. दाखला म्हणजे कागदाचा कपटा. त्यास खर्च काय तो? पण तो देणारा आपली चूक आपल्या हातानें लिहून देतो आणि दिवसाकाठीं असे लाख कपटे लिहिण्याची पाळी आली म्हणजे चूक सुधारणें स्वस्त पडूं लागतें. आणि परदेशीं तरी कशास जावें? महामारीच्या काळांत जे पास वायां गेले त्यांची मुदत तितके दिवस वाढवून देण्याची सोय आमच्याच रेल्वेनें २०२० सालीं केली होती. जें टाळेबंदीस लागूं पडलें तें खोळंब्यास कां पडूं नये? ज्या दिवशीं एखाद्या मार्गावर अर्ध्या तासाहून अधिक काळ गाड्या बंद राहिल्या, त्या दिवसाची त्या मार्गाच्या पासांत भर पडावी. मागणी लहान आहे, हें आम्ही जाणतों. ती मुद्दामच लहान केली आहे.

ह्यावर रेल्वेचें उत्तर ठरलेलें आहे. भाडें जगांत कोठें नाहीं इतकें स्वस्त, तोटा आम्ही सोसतों, आणि वर भरपाई? भाडें स्वस्त आहे ही गोष्ट आम्ही नाकारीत नाहीं. दुसऱ्या वर्गाचें किमान तिकीट पांच रुपयांचें. २०२५ सालच्या जुलैंत इतर भाडीं वाढलीं तेव्हांही उपनगरी भाड्यास हात लागला नाहीं. पण ही स्वस्ताई उतारूनें मागून घेतलेली भीक नसून निवडणुकीच्या राजकारणानें दिलेलें दान आहे, आणि दानाच्या गायीचे दांत मोजूं नयेत म्हणतात तें दान घेणाऱ्यापुरतें. येथें तर गायीची वैरण उतारूच आगाऊ भरतो. आमचें मत आम्ही स्पष्ट सांगतों, मग तें आमच्या कांहीं वाचकांस रुचो न रुचो: वेळेची हमी लेखी मिळत असेल तर भाड्यांत थोडी वाढ सोसण्यास मुंबईकरानें तयार असावें. मात्र आधीं भाडें व मागून हमी हा क्रम चालणार नाहीं. तो अनुभव घेऊन झाला आहे.

वातानुकूलित गाड्यांचा वाद ह्याच जातीचा. २०१७ सालच्या नाताळांत पहिली अशी गाडी धांवली. दारें मिटतात म्हणून माणूस पडत नाहीं, हा तिचा गुण मोठा. पण साधी गाडी काढून तिच्या वेळीं ही घातली कीं साध्या गाडीचें माणूस पुढच्या गाडीवर लोंबकळतें. २०२२ सालच्या ऑगस्टांत कळवा-बदलापूरच्या लोकांनीं ह्याच कारणानें गलका केला आणि मध्य रेल्वेस दहा फेऱ्या मागें घ्याव्या लागल्या. वस्तु चांगली, पण ती घातली दुसऱ्याच्या जागेवर.

मूळ दुखणें आमच्या मतें धन्यांच्या संख्येंत आहे. गाड्या चालवितात मध्य व पश्चिम रेल्वे. नवे मार्ग बांधतें १९९९ सालीं स्थापन झालेलें मुंबई रेल्वे विकास महामंडळ, ज्यांत केंद्राचा वांटा ५१ व राज्याचा ४९. भाडें आणि पैसा ठरतो दिल्लीस. बदलापूर-वसईच्या माळावर वीस-वीस मजल्यांच्या इमारतींस परवानगी मिळते राज्याच्या खात्यांतून. मेट्रो आणखी तिसऱ्यांच्या हातीं. पैसा मुळींच मंजूर होत नाहीं असेंही नाहीं. २०१६ सालीं १०,९४७ कोटींचा आणि २०१९ सालीं ३३,६९० कोटींचा आराखडा मंजूर झाला. पनवेल-कर्जत मार्ग, विरारपुढें डहाणूपर्यंत चौपदरी रूळ, गाड्यांमधील अंतर कमी करणारी नवी सिग्नल पद्धत, हें सारें त्यांत आहे. मंजुरी आणि मार्ग ह्यांच्या मध्यें जीं वर्षें जातात त्यांचा जाब कोणास विचारावा, हाच प्रश्न. पूर्वीं निदान रेल्वेचा अर्थसंकल्प निराळा मांडला जाई आणि मुंबईच्या खासदारास वर्षांतून एकदां तरी उठून बोलणें भाग पडे. १९२४ पासूनची ती चाल २०१७ सालीं बंद झाली. मुंबईच्या लोकलसाठीं एकच अधिकारी, मुंबईंतच बसणारा, दोन्ही रेल्वेंवर आणि महामंडळावर हुकूम चालविणारा आणि नांवानिशीं उत्तरदायी असा नेमला जाईपर्यंत ही चेंडूफळी चालूं राहील. तो अधिकारी कोणत्या खात्याचा असावा ह्यावर भांडत बसण्यास आम्हांस हौस नाहीं.

तो येईपर्यंत करण्यासारखें दोन गोष्टींत आहे. पहिली रेल्वेनें करावयाची. वक्तशीरपणाचे आंकडे गाडीगणिक न देतां उतारूगणिक द्यावे, गर्दीच्या वेळेचे निराळे द्यावे, आणि रद्द केलेली गाडी ही सर्वांत उशिरा आलेली गाडी म्हणून मोजावी. मध्यान्हीं रिकाम्या धांवणाऱ्या गाडीचा वक्तशीरपणा सकाळच्या गर्दीच्या गाडींत मिसळून शेंकडा नव्वदाचा हिशेब दाखविणें म्हणजे दुधांत पाणी घालून शेर भरणें. दुसरी गोष्ट कचेऱ्यांच्या व पेढ्यांच्या मालकांनीं करावयाची. सर्वांनीं साडेनवासच कां बसावें? मध्य रेल्वेनें २०२३ सालच्या नोव्हेंबरपासून आपल्या मुख्य कचेरींत दोन वेळा ठेवल्या आणि इतर कचेऱ्यांसही तशी विनंति केली. ह्या एका बाबतींत रेल्वेचें चुकलेलें नाहीं, आणि तिला साथ न देणाऱ्या सरकारी खात्यांनीं, बँकांनीं व मोठ्या पेढ्यांनीं उशिराच्या गाडीबद्दल तक्रार करतांना थोडें जपून बोलावें. निदान गाडी बंद पडल्याचें जाहीर झालें असतां नोकराच्या पगारांतून कापून घेऊं नये. रेल्वेचा दोष गुमास्त्याच्या खातीं लिहिणें ही कोणत्याही चोपडींतली रीत नव्हे.

दोन्ही रेल्वेंस उतारूंच्या सल्लागार समित्या आहेत आणि त्यांवर व्यापारी मंडळांचे प्रतिनिधी बसतात. आमची त्यांस सूचना आहे कीं, पुढील बैठकींत त्यांनीं पंखे, पाण्याचे नळ आणि थांब्यांच्या मागण्या बाजूस ठेवून एकच प्रश्न लेखी द्यावा: गेल्या बारा महिन्यांत गर्दीच्या वेळेच्या किती फेऱ्या रद्द झाल्या, किती दहा मिनिटांहून अधिक उशिरा पोहोंचल्या, आणि त्यांपैकीं कितींचा पैसा पासवाल्यास परत मिळाला? उत्तर आलें तर आम्ही तें ह्याच स्तंभांत जसेंच्या तसें छापूं. न आलें तर प्रश्न छापूं, आणि उत्तर येईपर्यंत दर महिन्याच्या पहिल्या सोमवारीं छापीत राहूं.